विंचू उतरतो, पण कशाने?

उन्हं तापायला लागली की मोबाइलवर ठरावीक व्हिडिओ फिरू लागतात. कोणीतरी बांधावरचं आघाड्याचं रोप मुळासकट उपटतो, माती झटकतो, आणि विंचू चावलेल्या माणसाच्या पायावरून ते मूळ गुडघ्याकडून घोट्याकडे, घोट्याकडून अंगठ्याकडे फिरवत राहतो. मधूनमधून विचारतो, "आता कुठवर आहे?" पाय धरून बसलेला माणूस सांगतो, "पोटरीपर्यंत उतरलं." मग घोट्यापर्यंत, मग फक्त बोटात. शेवटी तो उठून दोन पावलं चालून दाखवतो. खाली प्रतिक्रियांची रांग लागते: आमचे आजोबा हेच करायचे, डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत, वगैरे.

हे व्हिडिओ खोटे असतात असं मला वाटत नाही. तो माणूस बहुतेक वेळा खरोखरच बरा झालेला असतो. तो मुळामुळे बरा झाला का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर विंचवाचं विष शरीरात नेमकं काय करतं, इथून सुरुवात करावी लागते.

आधी विंचवाकडे नीट बघू

आपल्याकडे माणसाला चावणारे विंचू ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक मोठा, काळाकुळकुळीत, पुढच्या जाडजूड नांग्यांचा. त्याला बऱ्याच ठिकाणी इंगळी म्हणतात. दिसायला भयंकर, चावली की ठणका असह्य, पण इंगळीने माणूस दगावणं अगदी विरळा. दुसरा लहान, तांबूस ते पिवळसर, नांग्या बारीक आणि शेपटी मात्र त्या मानाने जाड. हा लाल विंचू, शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. कोकणात आणि महाराष्ट्राच्या इतर भागांत जी माणसं विंचवाने दगावली, ती प्रामुख्याने याच्यामुळे.

यामागे साधं तर्कशास्त्र आहे. ज्याच्या नांग्या दणकट, तो भक्ष्य नांग्यांनीच चिरडतो. त्याला जहाल विषाची फारशी गरज पडत नाही. ज्याच्या नांग्या नाजूक, तो शेपटीवर जगतो. त्यामुळे लोक इंगळीला घाबरतात आणि लाल विंचवाला ‘एवढासा तर आहे’ म्हणून सोडून देतात, तेव्हा नेमकी उलटी गफलत होते.

लाल विंचू चावला म्हणजे जीवावरच बेतेल असंही नाही. विंचू किती विष सोडतो हे दर वेळी वेगळं असतं. नुकतीच शिकार केली असेल तर पिशवीत विष कमी असतं, शेपटीची नांगी कपड्यातून किंवा ओझरती लागली तर आत कमी जातं. लहान मुलाला चावला तर तेवढंच विष छोट्या शरीरात पसरतं, म्हणून मुलांना धोका सर्वांत जास्त. थोडक्यात, शंभर दंश म्हणजे शंभर वेगवेगळ्या मात्रा. पुढचा सगळा घोळ या एका गोष्टीतून सुरू होतो.

विष आत जाऊन काय करतं?

लाल विंचवाचं विष म्हणजे बारीक बारीक प्रथिनांचं मिश्रण. त्यांतली सर्वांत घातक प्रथिनं नसांच्या म्हणजे मज्जातंतूंच्या पेशींवर काम करतात. नसेतून संदेश जातो तो तिच्या भिंतीतली सूक्ष्म दारं क्षणभर उघडून लगेच मिटल्यामुळे. या दारांतून सोडियम आत येतं. विंचवाचं विष या दारांना मिटूच देत नाही. मग नस एकदा संदेश देऊन थांबत नाही, देतच राहते.

याचा सर्वांत मोठा फटका बसतो तो स्वायत्त मज्जासंस्थेला. हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचा आवळपणा, घाम, लाळ, पचन या आपल्या हुकुमाशिवाय चालणाऱ्या गोष्टी सांभाळणारं जे मज्जातंतूंचं जाळं, ते म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था. ती खवळली की सुरुवातीला उलट्या होतात, अंग घामाने निथळतं, तोंडात लाळ सुटते. मुलगे आणि पुरुषांमध्ये लिंग आपोआप ताठरतं. हे लक्षण सांगायला घरचे लाजतात, पण डॉक्टरांच्या दृष्टीने ते फार मोलाचं आहे. त्याच वेळी शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब वर जातो.

विहिरीवरची मोटर पूर्ण जोरात चालू आहे आणि पुढे पाइपावरचा व्हॉल्व्ह कोणीतरी आवळत चाललंय, असं समजा. मोटर काही वेळ जोर लावते, मग तापते, मग थकते. इथे मोटर म्हणजे हृदय. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून ते दमतं आणि मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात पाझरू लागतं. रुग्णाला झोपता येत नाही, दम लागतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. मगाशी चढलेला रक्तदाब आता कोसळतो. हे सगळं काही तासांत घडू शकतं.

दुखणं आणि धोका यांची गाठ नाही

व्हिडिओतला प्रश्न आठवा: "आता कुठवर आहे?" म्हणजे ठणका कुठवर आहे. वैदू, घरचे आणि खुद्द रुग्ण, सगळे वेदनेवरून विषाचा अंदाज घेत असतात. नागिणीसारखी वळवळत वर जाणारी कळ म्हणजे विष चढलं, ती खाली सरकली म्हणजे विष उतरलं.

प्रत्यक्षात वेदना ही त्या जागच्या नसांची तक्रार असते. विष रक्तात किती गेलं, याचं ते माप नव्हे. बोट पेटल्यासारखं ठणकतंय, माणूस ओरडतोय, पण उलटी नाही, घाम नाही, हातपाय गरम आहेत, असा रुग्ण बहुधा सुरक्षित असतो. याउलट एखादं मूल फारसं रडत नाही, चावलेल्या जागी दुखत नाही म्हणतं, पण दोन-तीन उलट्या झाल्यात, शर्ट घामाने भिजलाय आणि तळपाय बर्फासारखे गार आहेत. हे मूल धोक्यात आहे. गंभीर रुग्णांमध्ये दंशाच्या जागची वेदना त्या मानाने सौम्य असणं हे डॉक्टरांच्या नेहमीच्या पाहण्यातलं आहे.

आता कल्पना करा, अशा मुलाच्या पायावर कोणी मूळ फिरवतंय आणि विचारतंय, दुखतंय का? मूल म्हणतं, नाही. सगळे सुटकेचा श्वास सोडतात. झाडपाल्याच्या उपचारात मला सर्वांत भीती या क्षणाची वाटते. पाला विषारी नसेलही, पण तो चुकीच्या जागी बघायला शिकवतो.

मग पाल्याने बरं का वाटतं?

बरं वाटतं हे खरं आहे, आणि त्याची कारणंही आहेत. एक तर बहुतेक विंचूदंश आपोआप उतरतात. ठणका काही तासांत, फार तर एका दिवसात ओसरतो. ओसरायला लागलेल्या दुखण्यावर शेवटचा हात ज्याचा, त्याला श्रेय मिळतं.

दुसरं म्हणजे चोळणं. मार लागला की आपण न शिकवता ती जागा चोळतो. स्पर्शाचे संदेश आणि वेदनेचे संदेश मणक्यातल्या एकाच नाक्यावरून जातात आणि स्पर्शाची गर्दी झाली की वेदना काही प्रमाणात अडते, ही उपपत्ती मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडली. मूळ गुडघ्याकडून खाली फिरवत राहणं म्हणजे हाच स्पर्शाचा मारा. आघाड्याऐवजी कडुनिंबाची काडी फिरवली तरी तो होतो. वाटलेला ओला पाला थंडही असतो, आणि गार शेकाने विंचवाचा ठणका कमी होतो हे डॉक्टरही मान्य करतात.

काही उपाय लक्ष दुसरीकडे वळवतात. तळहातावर चुना आणि नवसागर एकत्र मळून हुंगायला देतात. दोन्ही पांढरी, बिनवासाची पूड. पण अंगठ्याने मळली की त्यातून अमोनिया वायू सुटतो आणि नाकात अशी काही झिणझिणी जाते की डोळ्यांत टचकन पाणी येतं. क्षणभर पायाचा विसर न पडला तरच नवल. विष मात्र जिथे होतं तिथेच असतं.

आणि धीर. जाणत्या माणसाने हात लावला, "काही होत नाही, उतरतंय" म्हटलं की घाबरलेल्या माणसाची छाती धडधडायची कमी होते. याला मी कमी लेखत नाही. दवाखान्यातही हे करायला हवं, आणि तिथे ते बहुधा होत नाही.

विषापर्यंत पाला पोचतो का, एवढंच उरतं. नांगी कातडीच्या आत विष सोडते, तिथून ते रक्तात जातं. पाला बसतो कातडीच्या सर्वांत वरच्या, मेलेल्या थरावर. हा थर बाहेरचं आत येऊ नये म्हणूनच असतो. फार लहान रेणू सोडले तर काही पलीकडे जात नाही. समजा पानातलं एखादं द्रव्य झिरपलंच, तरी तोवर विष तिथून केव्हाच पुढे गेलेलं असतं. काढा पाजला तर तो पोटातून पचून रक्तात यायला वेळ लागतो, आणि उलट्या होणाऱ्याच्या पोटात तो टिकतही नाही.

‘आमच्या गावातल्या बाबांच्या हातून एकही दगावला नाही’

या वाक्याला मी खोटं म्हणणार नाही. पण हिशेब कसा मांडला जातो ते बघा. समजा एखाद्या बाबांकडे वर्षभरात शंभर विंचूदंश आले. हा आकडा निव्वळ उदाहरणादाखल. त्यांतले काही इंगळीचे, काही लाल विंचवाचे पण किरकोळ मात्रेचे, काही तर अंधारात चावलेल्या भलत्याच किड्याचे. समजा नव्वद जण कोणत्याही उपायाविना बरे होणारच होते. ते बरे होतात आणि गावभर सांगतात. उरलेल्या दहांपैकी काहींना घरचे उलट्या थांबेनात म्हणून मध्यरात्री जीपमध्ये घालून तालुक्याला नेतात. ते तिथे वाचले तर डॉक्टरांच्या खात्यात जातात, दगावले तरी डॉक्टरांच्याच खात्यात. बाबांच्या वहीत, वही असलीच तर, दगावलेला कोणी नसतो.

कोणी बाबांच्या दारातच दगावला, तर त्यालाही कारणं तयार असतात. उशिरा आणला. वाटेत पाणी प्यायला. पथ्य मोडलं. विंचू ‘तसला’ होता. उपाय कधी चुकतच नाही, चुकतो तो रुग्ण. एखादं औषध कामाचं आहे की नाही हे कळायला त्याचं अपयश मोजता यावं लागतं. इथे अपयश नोंदवायची सोयच नाही. यात बाबांची लबाडी असते असं नव्हे. अनेक जण एक पैसा न घेता, अर्ध्या रात्री उठून हे करतात. म्हणून तर त्यांच्यावर विश्वास बसतो.

‘औषधं शेवटी झाडपाल्यातूनच आली ना?’

आली. आणि याचं सर्वांत देखणं उदाहरण याच विषयातलं आहे. सर्पगंधेची मुळी शतकानुशतकं सर्पदंशावर आणि विषारी किड्यांच्या दंशावर दिली जात होती. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळीचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढण्यात आलं. पुढची कित्येक वर्षं ते रक्तदाबाचं महत्त्वाचं औषध होतं. परंपरेने ही मुळी ताकदवान आहे हे बरोबर ओळखलं होतं. ती कशावर चालते, हे मात्र मोजल्याशिवाय कळलं नाही. सर्पदंशावरचा उतारा म्हणून तिचं नाव आज कोणी घेत नाही.

‘प्रयोगशाळेत सिद्ध झालंय’ हा पुढचा मुद्दा. उपळसरीच्या म्हणजे अनंतमुळाच्या मुळीतल्या द्रव्यांनी प्रयोगातल्या प्राण्यांमध्ये घोणशीच्या विषाचे काही परिणाम कमी झाले, अशी संशोधनं झाली आहेत. हळदीवरही झाली आहेत. ती खोटी नाहीत, पण अशा अनेक प्रयोगांत विष आणि अर्क आधी परीक्षानळीत एकत्र करून ठेवतात आणि मग ते मिश्रण उंदराला टोचतात. बऱ्याच वनस्पतींत टॅनिन असतं, चहा-सुपारीला तुरटपणा आणणारं द्रव्य. ते समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून त्याचा गोळा करतं. नळीत विष एकटंच प्रथिन असतं, म्हणून ते निकामी होतं. जिवंत माणसाच्या रक्तात प्रथिनांची एवढी गर्दी असते की टॅनिनला त्यातून नेमकं विष शोधून धरता येत नाही. आणि विंचू काही अर्धा तास आधी विष अर्कात कालवून मग चावत नाही.

वनस्पती ‘नैसर्गिक’ म्हणून निरुपद्रवी असते, हेही खरं नाही. ईश्वरी या वेलीची मुळी साप-विंचवावर देण्याची जुनी प्रथा आहे. या कुळातल्या वनस्पतींत अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असतं. ते मूत्रपिंड निकामी करतं आणि माणसात कर्करोग घडवतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा वनस्पतींना निश्चित कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. विंचवातून वाचलेला माणूस काही वर्षांनी मूत्रपिंडाच्या आजाराने खंगला, तर कोणी त्या मुळीकडे बोट दाखवणारही नाही.

‘डॉक्टरांना तरी कुठे कळत होतं?’

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो, कारण पन्नास वर्षांपूर्वी तो शब्दशः खरा होता. लाल विंचू चावलेल्याला दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं असं काहीबाही दिलं जाई आणि रुग्ण फुप्फुसात पाणी होऊन जाई. सर्पदंशाच्या जखमेत पोटॅशियम परमँगनेटचे खडे भरणं हीसुद्धा एके काळी डॉक्टरांचीच शिफारस होती. त्याने मांस जळायचं, विष नाही. पाला आणि इंजेक्शन यांत तेव्हा फारसं डावं-उजवं नव्हतं.

फरक पडला तो रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास तिथे रुजू झाले. विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी उलटी कधी झाली, घाम कधी सुटला, नाडी किती, रक्तदाब किती, हे टिपायला सुरुवात केली. जे दगावले त्यांचीही नोंद ठेवली. त्यांच्या हे लक्षात आलं की फुप्फुसात पाणी व्हायच्या आधी उलटी, घाम, लिंगाचा ताठरपणा आणि गार हातपाय ही लक्षणं येऊन गेलेली असतात. म्हणजे इशारा मिळतो, हातात थोडा वेळ असतो. १९८२ साली ही निरीक्षणं लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

पुढचा विचार आपल्या मोटरच्या उदाहरणात सांगता येतो. मोटर बदलता येत नाही, पण आवळलेला व्हॉल्व्ह सैल करता येईल का? रक्तवाहिन्या आवळणारी जी कळ अ‍ॅड्रिनलिन दाबतं, तीच अडवणारं प्राझोसिन नावाचं औषध बाजारात होतं. तेही रक्तदाबाचंच, साधी गोळी. बावस्करांनी ती विंचूदंशावर वापरली आणि १९८६ साली त्याचे निष्कर्ष पुन्हा लॅन्सेटमध्ये आले. त्याआधीच्या पश्चिम भारतातल्या नोंदींत गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत होते; प्राझोसिननंतर ते प्रमाण ३ टक्क्यांच्या आत आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाच्या विषावरची लसही आता आहे. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं म्हणजे ही लस. ती रक्तात मोकळं फिरणारं विष धरून ठेवते. २०११ साली बावस्कर दांपत्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० रुग्णांची तुलना छापली. नुसतं प्राझोसिन दिलेल्यांना बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, प्राझोसिन आणि लस दोन्ही दिलेल्यांना ८ तास. लस मोकळं विष आवरते, गोळी झालेली नासधूस सावरते. म्हणून दोन्ही मिळून लवकर गुण येतो.

डॉक्टर आणि वैदू यांच्यातला फरक हुशारीचा नव्हता. बिरवाडीत फसलेल्या उपचारांचा हिशेब ठेवला गेला, एवढंच.

‘लावला पाला तर बिघडलं काय?’

नुसता पाला वाटून लावला आणि त्याच वेळी गाडी काढून दवाखान्याकडे निघालात, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते ‘अर्धा तास बघू’ म्हणण्यात. कारण तो अर्धा तास पुढे दोन तास होतो.

काही उपाय मात्र स्वतःच घातक आहेत. ब्लेडने चिरा देणं, तोंडाने चोखणं, दोरी करकचून बांधणं, डाग देणं यांतलं काहीही करू नका. मोरचूद जखमेवर लावणं किंवा पोटात देणं तर त्याहून वाईट. ते स्वतःच विष आहे. दारू पाजू नका. उलट्या होत असलेल्याला काढे, तूप पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या परिशिष्टात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून नोंदला आहे. शब्द नीट बघा: उपचारांपासून ‘रोखून’. आजीने पायाला पाला बांधला म्हणून तिच्यावर कोणी खटला भरणार नाही.

मधमाशी आणि साप: तोच पाला, उलटं शरीर

गांधीलमाशी आणि मधमाशीवरही बहुधा तोच पाला, तोच चुना लावला जातो. मधमाशीचं विष आम्ल, म्हणून त्यावर चुना, असा एक तर्क ऐकू येतो. विष कातडीच्या आत, चुना बाहेर. शिवाय त्या विषातलं मुख्य द्रव्य आम्ल नसून मेलिटिन नावाचं प्रथिन आहे. चुन्याने कातडी भाजते तेवढीच. मधमाशीची नांगी कातडीत रुतून राहते आणि काही वेळ विष सोडत राहते, म्हणून ती कशीही, पण ताबडतोब काढणं महत्त्वाचं.

मधमाशीचा खरा धोका वेगळाच. काही जणांना तिची तीव्र अ‍ॅलर्जी असते: अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब धाडकन पडतो. अशा वेळी जीव वाचवणारं इंजेक्शन असतं अ‍ॅड्रिनलिनचं. विंचूदंशात शरीर याच अ‍ॅड्रिनलिनच्या पुरात बुडत असतं आणि डॉक्टर त्याचा परिणाम अडवायला धडपडत असतात. बाहेरून दोन्ही ‘डंख’. आत एकाला जे हवं तेच दुसऱ्याला नको. दोन्हींवर एकच मूळ चालतं असं कोणी सांगितलं तर ते कुठल्या बाजूने काम करतं, हे जरूर विचारा. आग्या मोहोळ उठून शेकडो माशा चावल्या असतील तर अ‍ॅलर्जी नसली तरी मूत्रपिंडांना धोका असतो. दवाखाना चुकवू नका.

सापाच्या बाबतीतही श्रेयाचा हिशेब तसाच चालतो. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशांना उतरवणारे वाचवतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांनी पुरतं विष सोडलेल्यांना मात्र सर्पविषाच्या लशीखेरीज तरणोपाय नाही. एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८,००० माणसं सर्पदंशाने गेली. आणि हो, सापाची लस विंचवावर चालत नाही, विंचवाची सापावर नाही.

चावलाच तर

माणसाला बसवा किंवा आडवं करा, चालवू नका. अंगठी, पैंजण, जोडवी काढून ठेवा, सूज आली तर रुततात. जागा साबणपाण्याने धुवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी ठेवा. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. मग वेदनेकडे न बघता चार गोष्टी बघत राहा: उलटी, घाम, तळहात-तळपायांचा गारवा, श्वास. यांतली एक जरी दिसली तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निघा. लहान मूल असेल तर लक्षणांची वाटच बघू नका. विंचू सापडला तर फोटो काढा. त्याला शोधायला दगड उलथत बसू नका, दुसरा चावेल.

दवाखान्यात डॉक्टर चावलेल्या जागेवर बोटाने टिचकी मारतील आणि रुग्ण झटकन हात मागे घेईल. हा छळ नव्हे, चावणारा विंचूच होता हे ठरवायची ती साधी, जुनी खूण आहे. पाला लावला असेल, काढा पाजला असेल तर सांगा, लपवू नका. काय दिलं, किती दिलं, हे त्यांना कळायला हवं.

आणि प्राझोसिनची गोळी घरी आणून ठेवावी का, असं अनेक जण विचारतात. ठेवू नका. पहिल्या गोळीनंतर उठून उभं राहिलं की रक्तदाब एकदम खाली येऊन माणूस कोसळू शकतो. मात्रा वजनावर ठरते, ती काही तासांनी पुन्हा द्यावी लागते, आणि मधल्या वेळात रक्तदाब तपासत राहावं लागतं. त्यापेक्षा आपल्या आरोग्य केंद्रात ती गोळी आणि विंचवाची लस आहे का, हे पावसाळ्याआधी एकदा जाऊन विचारा, आणि नसेल तर ग्रामसभेत विषय काढा.